घराला लॅटिन नाव देताय? दगडावर कोरण्याआधी या चुका टाळा

फोंड्यात माझा नावाच्या पाट्या कोरण्याचा धंदा आहे. ग्रॅनाइट, संगमरवर, कधी पितळ. 'लॅटिनमध्ये काहीतरी भारदस्त द्या' म्हणणारं गिऱ्हाईक अधूनमधून येतंच, आणि तशी माझी पहिली पाटी साफ वाया गेली. हवं होतं 'पीस हाऊस'. मी मोबाइलवर दोन शब्द सुटेसुटे शोधले, 'कासा' आणि 'पाक्स', आणि एकाखाली एक कोरून मोकळा झालो. आमच्या वाड्यावरचे निवृत्त फादर दुकानात आले, पाटी वाचली आणि म्हणाले, "झोपडी. शांती. बरं, पुढे?"

'कासा' आपल्या कानात पोर्तुगीजमुळे बसलाय. तिथे त्याचा अर्थ घर. जुन्या रोमन माणसाला मात्र कासा म्हणजे खोपटं. घराला तो 'दोमुस' म्हणायचा. आपल्याकडे ही चूक सहज होते, कारण पोर्तुगीज ही लॅटिनचीच लेक, शब्द ओळखीचे वाटतात. पोर्तुगीजात आग म्हणजे 'फोगो'. तो शब्द आला 'फोकुस'वरून, आणि फोकुस म्हणजे चूल. आगीला नेहमीचा लॅटिन शब्द 'इग्निस', आपल्या अग्नीचा भाऊबंद.

दुसरी चूक विभक्तीची. 'शांतीचं घर' यातला 'चं' मी खाऊन टाकला होता. पाक्स म्हणजे शांती, पाकिस म्हणजे शांतीचं. चर्चमध्ये त्याचा उच्चार 'पाचिस' करतात, पण लिहायचं एकच. म्हणून 'दोमुस पाकिस'. शब्दकोशात नाम प्रथमेत दिलेलं असतं आणि लगेच पुढे षष्ठीचं रूप. ते दुसरं रूप बघायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. शाळेत 'देवः देवौ देवाः' घोकलेल्यांना हे जड जाऊ नये.

मग फादरांनी मला जुन्या गोव्याला पिटाळलं. तिथे सेंट कॅजेटन चर्चच्या दर्शनी भागावर 'दोमुस मेआ दोमुस ओरातिओनिस' असं कोरलंय: माझं घर, प्रार्थनेचं घर. षष्ठी कशी दिसते ते तिथे डोळ्यांनी पाहिलं. पण मासला पुढेच आहे. ओरातिओ म्हणजे प्रार्थना, हे चर्चच्या लॅटिनमध्ये. जुना रोमन वक्ता सिसेरो, त्याच्यासाठी ओरातिओ म्हणजे भाषण! त्याने ही ओळ वाचली असती तर आत सभागृह आहे असंच समजला असता. तेव्हा शब्द कुठल्या काळातला घेताय ते आधी ठरवा. माझं विचाराल तर घराच्या पाटीला चर्चचं लॅटिन बिनधास्त चालतं. एकाच ओळीत दोन काळांची खिचडी तेवढी नको.

जाता जाता: शेजारच्या बॉम जीझस बॅसिलिकेवरची 'आय एच एस' ही अक्षरं लॅटिन वाक्याची आद्याक्षरं नव्हेत. येशूच्या ग्रीक नावातली ती पहिली तीन अक्षरं.

सगळ्यांत महागात पडते ती चूक वेगळीच: इंग्रजी शब्दावरून थेट लॅटिनवर उडी. इंग्रजी शब्दाच्या पोटात चार अर्थ असतात. 'फ्री' म्हणजे फुकट असेल तर 'ग्रातिस', स्वतंत्र असेल तर 'लिबेर'. त्यातही 'लि' दीर्घ असेल तर स्वतंत्र, ऱ्हस्व असेल तर पुस्तक, आणि पाटीवर दोन्ही सारखेच दिसतात. 'नो' म्हणजे माहीत असणं की ओळखणं? मराठीप्रमाणे लॅटिनमध्येही दोन क्रियापदं आहेत, 'स्कीरे' आणि 'नोस्केरे'. म्हणून मी आता गिऱ्हाइकाला आधी मराठीतच विचारतो, नेमकं काय म्हणायचंय?

शब्द मिळाला की उलट्या बाजूने तपासा. लॅटिन-इंग्रजी कोशात तोच शब्द काढा. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९चा कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो. कुठला अर्थ कोणत्या लेखकाकडे सापडतो, तेही त्यात दिलंय. तुमच्या अर्थाचं एकही उदाहरण नसेल, तर तो शब्द सोडा.

काजूसारख्या वस्तूंना मात्र जुना शब्द शोधू नका. झाड मूळचं ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी इकडे आणलेलं. रोमनांनी ते पाहिलंच नव्हतं. 'आनाकार्दिउम ओक्सिदेन्ताले' हे लिनियसने दिलेलं शास्त्रीय नाव. फेणीच्या दुकानावर ते लावलंत, तर प्रयोगशाळेतल्या बरणीची चिठ्ठी वाटेल.

परवा दोघी बहिणी आल्या. साठीनिमित्त पाटी, 'टू अवर अंकल'. मोबाइलवरून 'पात्रुउस' शब्द आणला होता. मी विचारलं, "काका की मामा?"

"मामा."

मग तो शब्द चालणार नाही. पात्रुउस म्हणजे काका. मामा म्हणजे 'आवुन्कुलुस', इंग्रजी अंकल निघाला तोही त्यातूनच. आत्या 'आमिता', मावशी 'मातेर्तेरा'. नाती अगदी आपल्यासारखी वेगवेगळी. शिवाय होरेसच्या कवितेत पात्रुउस म्हणजे सदा फटकारणारा काका. बहिणी हसल्या, म्हणाल्या तसा एक काकाही आहे आमच्याकडे.

मामांना द्यायची पाटी म्हणून चतुर्थी: 'आवुन्कुलो नोस्त्रो', आमच्या मामांना. रोमन शिलालेखांप्रमाणे यू च्या जागी व्ही कोरला. पाटी घरी पोचली आणि तासाभरात धाकटीचा फोन: "सुरुवातीलाच दोन व्ही लागोपाठ आलेत, चूक झाली का हो?"