अठराच्या आतली आई आणि दहावीचा फॉर्म

मुलगी सतराची, बाळ चार महिन्यांचं, नववीनंतर शाळा सुटलेली. अशा घरी गेलं की आशाताई असो, शिक्षिका असो की संस्थेची कार्यकर्ती, पहिला प्रश्न एकच येतो, 'शिकायचंय का तुला?' मुलगी हो म्हणते, फॉर्म भरला जातो आणि दोन महिन्यांत सगळं थंड पडतं. म्हणून आधी हे विचारा: रोज दोन तास बाळ कोण धरणार?

उत्तरात दोन नावं हवीत, कारण एक माणूस आजारी पडतं किंवा गावाला जातं. आजी सांभाळणार असेल, तर त्या वेळात तिची मजुरी बुडते का, हेही उघड विचारा. बुडत असेल तर वेळ संध्याकाळची घ्या. अंगणवाडीकडून सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी न्यायचा आहार मिळतो, पण तिथे बाळ ठेवता येत नाही. 'पाळणा' योजनेत काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलेलं असतं. आपल्या भागात आहे का, ते पर्यवेक्षिकेला विचारा.

कायद्याचं बोलणंही पहिल्याच भेटीत व्हायला हवं. मुलगी अठराच्या आतली असेल तर लग्न झालेलं असो वा नसो, २०१२ चा पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांचा कायदा लागतो आणि कलम १९ प्रमाणे माहिती असणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांना कळवावंच लागतं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन तिला देऊ नका. ते मोडलं की ती परत तोंड उघडत नाही. बहुतेकदा प्रसूतीच्या वेळीच रुग्णालयातून कळवलेलं असतं, तेव्हा आधी तेवढं विचारून घ्या. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हवा तिथे घेता येतो आणि तेव्हा पोलीस गणवेशात नसतात. बालकल्याण समितीकडून पोलीस-न्यायालयाच्या कामात सोबतीला सहायक व्यक्ती मागता येते. न्यायालयाची तारीख पेपरच्या दिवशी आली, तर वेळापत्रक त्या व्यक्तीमार्फत सरकारी वकिलांना आधीच पोचवा. आणि तिचं नाव किंवा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, 'यशोगाथा' म्हणूनसुद्धा नाही.

आता कागद. पटावर नाव असेल तर शाळा सोडल्याचा दाखला काढूच नका. 'दाखला घेऊन जा' असं शाळेतून सुचवलं जातं, घरचेही लाजेपोटी घेऊन येतात आणि परतीची सगळ्यात सोपी वाट बंद होते. आठवीपर्यंतची मुलगी असेल तर शिक्षण हक्क कायद्याने तिला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि चौदा वर्षं उलटली तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत पूर्ण करता येतं. दुसरी नेहमीची अडचण नावाची. लग्न झालं की आधारवर सासरचं आडनाव चढतं, दाखल्यावर वडिलांचं असतं आणि फॉर्म अडतो. शिक्षण संपेपर्यंत आधारला हात लावू नका. नाव बदललेलंच असेल, तर परीक्षेचा फॉर्म दाखल्यावरच्या नावानेच भरा आणि आधारची दुरुस्ती आधी करून घ्या. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करा. अविवाहित आईला वडिलांच्या नावावरून अडवलं, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल तिच्या बाजूचा आहे: शपथपत्र पुरेसं.

शाळेत परतणं जमत नसेल तर दोन वाटा. राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावी. किमान पाचवी पास आणि १४ वर्षं पूर्ण हवीत. फॉर्म ऑनलाइन, पावसाळ्याच्या दिवसांत निघतो. तारीख चुकली तर विलंब शुल्क, तीही मुदत गेली तर वर्ष गेलं. फॉर्ममध्ये जी शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडाल, तिथे महिन्यातून एकदा तरी जा. घरी पुस्तक वाचून लेखी पेपर निघतो, पण तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत गुण याच शाळेतून जातात आणि ते राहून गेले की निकाल अडकतो.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएस. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर आम्ही हीच सुचवू. वय किमान १४ हवं. पाच विषय, पण सगळे एकदम द्यावे लागत नाहीत. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या परीक्षांत एक-दोन करत देता येतात, प्रवेश पाच वर्षं चालतो. मराठी माध्यमही आहे. गणित सोडता येतं म्हणून सगळ्या मुली सोडतात; तसं करण्याआधी पुढे काय करायचं ते विचारा, नाहीतर गणित-विज्ञान मागणारे अभ्यासक्रम आपोआप कटतात.

मुलगी पुस्तक उघडलं की झोपते, तर तिला आळशी म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोहाची गोळी घ्यायची असते. बहुतेकींची पहिल्याच महिन्यात सुटते, कारण मळमळतं. ती रात्री जेवणानंतर घेतली की सोसते. चहाबरोबर घेऊ नये आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. अभ्यास वीस-वीस मिनिटांचा ठेवा, त्याहून जास्त सलग वेळ बाळ देत नाही. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशींनंतर बाळ रात्रभर किरकिरतं, त्या आठवड्यात चाचणी ठेवू नका. मुलगी सारखी रडत असेल, बाळाकडे बघत नसेल, दोन आठवडे उलटूनही तसंच असेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावून द्या. आणि दुसऱ्या बाळाचं बोलणं पुढे ढकलू नका: गर्भ राहू नये म्हणून घ्यायचं अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर चालतं. शिक्षण कायमचं सुटतं ते बहुतेकदा दुसऱ्या गर्भारपणात.

जीवनकौशल्यांची सत्रं आम्हाला फारशी पटत नाहीत. कागदी गोल काढून 'माझी स्वप्नं' लिहून घेण्यापेक्षा हातातलं काम शिकवा. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात घालणं ही हमखास होणारी चूक. बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा: दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त भरला की त्याच दिवशी दवाखाना. बँकेत तिच्या नावाचं खातं आणि पासबुक तिच्याच हातात. पाचशे रुपयांचा आठवड्याचा हिशोब तिने स्वतः मांडायचा. सासूला 'आज सहा ते आठ मी अभ्यासाला बसते, आई' हे चिडचिड न करता म्हणायची चक्क तालीम करून घ्या. पहिल्यांदा सगळ्या हसतात, तिसऱ्यांदा जमतं.

परीक्षेचा दिवस. मंडळाचा मोठा पेपर अकरा ते दोन दहा, साडेदहाला केंद्रावर. म्हणजे सव्वादहाला पाजलं तर पुढचं सव्वादोनला. त्या चार तासांसाठी दूध पिळून झाकणाच्या स्वच्छ वाटीत, सावलीत ठेवा. त्यापुढे ते वापरू नका आणि उन्हाळ्यात त्याआधीच संपवा. वाटी-चमच्याची सवय पंधरा दिवस आधी लावा, ऐन वेळी बाळ तोंड फिरवतं. सहा महिन्यांपुढचं बाळ मऊ वरणभात, नाचणीच्या सत्त्वावर सहज राहतं. आईची छाती तिसऱ्या तासाला भरून दुखते, म्हणून आत सुती घड्या आणि गडद रंगाचा कुर्ता. आदल्या रविवारी हे सगळं जुन्या प्रश्नपत्रिकेसह एकदा करून पाहा. बाळ आणि आजी केंद्राजवळच्या घरी थांबली तर उत्तम.

निकालात विषय राहिले तर मंडळाची पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते. तिचा फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत भरायचा असतो, त्यामुळे त्याचं शुल्क निकालाआधीच बाजूला काढून ठेवा.