पापाच्या सत्तेतून सुटका: विश्वासी माणूस जिथे अडकतो त्या चुका

बाप्तिस्मा होऊन तीन वर्षं झाली, रविवारची उपासना सहसा चुकत नाही, आणि तरी कापसाचा चुकारा हाती पडला की पाय दारूच्या गुत्त्याकडे वळतात. खेड्यातल्या मंडळीत हे दुःख नवीन नाही. दारूच्या जागी कुठे रागाचा भडका असतो, कुठे रात्रीचा मोबाइल, तर कुठे मजुरांच्या वजनकाट्यातली चोरी. असा माणूस शेवटी दोहोंपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर ‘माझा विश्वासच खोटा’, नाही तर ‘देह आहे, चालायचंच’. रोमकरांस पत्र ६:१४ मध्ये मात्र पौल स्पष्ट सांगतो की पापाची तुमच्यावर सत्ता चालणार नाही, कारण तुम्ही कृपेच्या अधीन आहात. हे वचन खरं असेल, आणि ते खरं आहे, तर गाडी कुठे अडते ते शोधलं पाहिजे.

क्रम उलटा लावणे

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्यातूनच निघतात. मनातला हिशेब असा असतो: आधी मी दारू सोडतो, शिवी सोडतो, मग देव मला जवळ करील. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय नेमका उलट्या दिशेने चालतो. ख्रिस्ताशी जोडला गेलेला माणूस त्याच्या मरणात सामील झाला, त्याचा जुना मनुष्य वधस्तंभावर खिळला गेला, असं पौल आधी सांगतो (६:३-६). ही होऊन गेलेली गोष्ट आहे. पहिल्या दहा वचनांत वाचकाला एकही आज्ञा नाही. या अध्यायातली पहिली आज्ञा अकराव्या वचनात येते: स्वतःला पापाला मेलेले आणि देवासाठी जिवंत असे माना. मग तेराव्यात पुढे: आपले अवयव पापाच्या स्वाधीन करू नका, देवाला द्या. म्हणजे आधी जाणायचं, मग मानायचं, मग द्यायचं. जाणण्याआधी द्यायला गेलेला माणूस पंधरा दिवसांत थकतो.

‘माना’ या शब्दावरही पुष्कळ जण घसरतात. मूळ ग्रीक शब्द हिशेबात वापरला जाणारा आहे. खात्यावर रक्कम जमा झाली आहे, ती वहीत मांडायची. मेल्यासारखं ‘वाटलं’ पाहिजे असं पौल कुठेच म्हणत नाही. उपास-प्रार्थनेत रडू आलं, अंगावर काटा आला म्हणजे सुटलो, आणि सोमवारी तसं काही वाटलं नाही म्हणजे पुन्हा गुलाम झालो, अशी मोजणी करणाऱ्याची सुटका दर आठवड्याला हरवते.

आपल्याकडे सालदार गुढीपाडव्याला ठरतो आणि पुढच्या पाडव्याला त्याचं साल सुटतं. दुसऱ्या मालकाकडे लागलेल्या गड्याला जुन्या मालकाने धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाक मारली तर सवयीने मान वळते. पण त्याचे बैल जुंपायचं बंधन आता त्याच्यावर नसतं. पापाची हाक कानावर येते, एवढ्यावरून त्याची मालकी अजून आहे असं ठरत नाही. ही उपमा एका जागी तुटते, तेही सांगायला हवं. सालदार करार संपून सुटतो. पौल ज्या गुलामीबद्दल बोलतो ती फक्त मरणाने संपते, आणि ते मरण ख्रिस्त आपल्यासाठी मेला आहे. म्हणूनच योहान ८:३६ मध्ये सोडवणारा पुत्र आहे. गुलाम स्वतःला सोडवत नाही.

रोजच्या वापरात हे असं आणावं. सकाळी घराबाहेर पडण्याआधी रोम ६:१-१४ मोठ्याने वाचावं, पाच मिनिटं पुरतात. मग तेरावं वचन आपल्या त्या दिवसाला लावून प्रार्थना करावी. अवयवाचं नाव घ्यावं आणि जागेचंही: ‘प्रभू, हे हात आज काट्यावर असतील, ते तुझे. ही जीभ आज भावाशी वाटणीचं बोलणार आहे, ती तुझी.’ ‘माझं सगळं जीवन तुला’ ही प्रार्थना चांगलीच आहे, पण दुपारी बारा वाजता काट्यापाशी ती आठवत नाही.

दोष, सत्ता आणि अस्तित्व एकच समजणे

पापाचा दोष विश्वास ठेवताच जातो. पापाची सत्ता मोडलेली आहे आणि रोजच्या चालण्यात तो अनुभव वाढत जातो. पापाचं अस्तित्व मात्र प्रभूसमोर उभं राहू तेव्हाच पुरतं संपेल. या तिन्हींची गल्लत झाली की मोह आला एवढ्यावरूनच माणूस स्वतःला हरलेला समजतो. मोह प्रभू येशूलाही झाला.

विदर्भात इथे आणखी गोंधळ होतो, कारण एकाच घरातली माणसं दोन परंपरांची शिकवण ऐकतात. बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन मंडळीने आणि यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मंडळीने पूर्ण पवित्रीकरण शिकवलं, म्हणजे तारणानंतर देव हृदय पूर्णपणे शुद्ध करतो ही शिकवण. नागपूरला १८४५ मध्ये आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांच्या स्कॉटिश परंपरेचा भर आयुष्यभर चालणाऱ्या वाढीवर आहे. हा फरक खरा आहे, तो पुसू नये. पण ज्या जॉन वेस्लीपासून पहिली शिकवण येते, त्यानेही पूर्ण पवित्रीकरण म्हणजे मोहापासून किंवा चुकांपासून सुटका असं कधी म्हटलं नाही. ‘पवित्र झालेल्याला मोहच होत नाही’ हे दोन्हीकडे चूकच.

नुसत्या नियमांवर भिस्त ठेवणे

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीसाठी गावोगावच्या बाया रस्त्यावर उतरल्या, त्यांच्या लढ्याचं मोल मोठं आहे आणि बंदीने अनेक घरांना श्वास घेता आला. तरी या जिल्ह्यांतल्या कोणालाही विचारा, दुकान बंद झालं म्हणून पिणाऱ्याची तहान मेली का? रोम ७:७-८ मध्ये पौल हेच स्वतःच्या हृदयाबद्दल लिहितो. ‘लोभ धरू नको’ ही आज्ञा चांगली, पण तिनेच आतला लोभ खवळला. कुंपण घालणं हे नियमशास्त्राचं काम. नवीन इच्छा द्यायला ते असमर्थ आहे, आणि ८:३-४ प्रमाणे ते काम देवाने पुत्राला पाठवून आणि आत्म्याच्या द्वारे केलं.

घरात हीच चूक शपथेच्या रूपाने होते. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून ‘आजपासून थेंब घेणार नाही’ म्हणायचं. शपथ मोडली की दारूचा दोष आणि शपथेचा दोष असं दुहेरी ओझं होतं, आणि ते विसरायला माणूस आणखी पितो. बायकोने किंवा पाळकाने अशी शपथ मागू नये.

फूल आल्यावर तण निंदायला जाणे

याकोब १:१४-१५ मध्ये पापाची वाढ पायरीपायरीने दिली आहे: वासना ओढते, भुलवते, गर्भ धरते, पापाला जन्म देते, आणि पाप वाढून मरण आणतं. गाजरगवत फुलावर येण्याआधीच उपटायचं असतं, बी पडलं की पुढच्या वर्षी रान भरून येतं, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र तो शेवटच्या पायरीवर, ग्लास हातात आल्यावर लढायला उभा राहतो.

रोम १३:१४ सांगतं की देहवासनांसाठी तरतूद करून ठेवू नका. ही तरतूद आपल्याकडे कशी दिसते ते उघड आहे. चुकाऱ्याची पूर्ण रक्कम रोख घेऊन एकट्याने बाजारातून परतणं ही तरतूद. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रिकामं घरी बसणं ही तरतूद. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी ‘फक्त पाहुण्यांसाठी’ कोनाड्यात ठेवणं, रात्री अकरानंतर मोबाइल उशाशी असणं, ऑनलाइन रमीचं ॲप ‘बंद’ करून फोनमध्येच ठेवणं, हीसुद्धा.

म्हणून एक कागद घ्यावा आणि मागच्या तीन-चार वेळा पडलो ते लिहावं: वार, वेळ, खिशात किती पैसे, सोबत कोण, त्याच्या आधीच्या दोन तासांत काय घडलं. बहुतेक वेळा एकच साचा दिसतो. बाजाराचा दिवस, संध्याकाळी सहा-सात, दुपारी घरात भांडण. मग कुऱ्हाड त्या साच्यावर चालवावी. चुकारा थेट बँकेत, शक्य असेल तर बायकोसोबतच्या संयुक्त खात्यात. बाजारातून परत येताना दुसरी वाट, आणि सोबत मंडळीतला एक भाऊ. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला.

पण घर झाडून रिकामं ठेवलं तर मत्तय १२:४३-४५ मधला प्रसंग घडतो, निघून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात घेऊन परत येतो. इफिस ४:२८ इथे फार नेमकं आहे. चोराने चोरी सोडावी, हातांनी कष्ट करावेत आणि गरजवंताला द्यावं. सोडणं हा या तिन्हींतला फक्त एक हिस्सा आहे. जो तास गुत्त्यावर जायचा, त्या तासाला काम आणि माणसं दोन्ही पाहिजेत. घरसभा सहा वाजताच ठेवावी, आठला ठेवून उपयोग नाही.

मोघम कबुली

‘प्रभू, माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ एवढ्यावर वर्षं निघून जातात. १ योहान १:९ मधल्या कबुलीच्या मूळ शब्दाचा अर्थ ‘तेच म्हणणे’ असा आहे. देव ज्याला जे नाव देतो त्याला तेच नाव द्यायचं. ‘व्यवहारात थोडं इकडेतिकडे झालं’ असं न म्हणता ‘मी कापसावर पाणी मारून वजन वाढवलं’. ‘सीमेचा वाद आहे’ असं न म्हणता ‘मी धुरा कोरून नांगराच्या दोन ओळी माझ्याकडे घेतल्या’. धुरा सरकवण्याबद्दल अनुवाद १९:१४ आणि मजुरी दाबून ठेवण्याबद्दल याकोब ५:४ वाचून पाहावं. शास्त्र शेतीच्या पापांबद्दल मुळीच मुकं नाही.

आणि जिथे कुणाचं नुकसान झालं तिथे भरपाई. गणना ५:७ मध्ये पूर्ण रक्कम आणि वर पाचवा हिस्सा सांगितला आहे: २,००० रुपये दाबले असतील तर २,४०० परत. जकातदार जक्कयाने स्वतःहून चौपट देऊ केलं. हे क्षमेचं मोल नव्हे, क्षमा आधीच मिळालेली आहे. पण मजुराचे पैसे खिशात ठेवून त्या पापाची सत्ता मोडत नाही. हातात पैसे नसतील तर त्याच्याकडे जाऊन रक्कम आणि तारीख सांगावी, हप्त्याने फेडावी.

याकोब ५:१६ प्रमाणे माणसापाशी कबुली द्यायची तर माणूस पारखून घ्यावा: पुरुषाने पुरुषापाशी, बाईने बाईपाशी, आणि ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशापाशी. गावात संध्याकाळी सांगितलेलं सकाळी विहिरीवर पोचतं. भरसभेत साक्ष म्हणून सांगायची घाई नको. नुकत्याच सुटलेल्याला मंचावर उभं करणं क्रूर आहे, निदान एक हंगाम जाऊ द्यावा. जिच्याबद्दल मनात वासना आली त्या बाईला जाऊन ते सांगणं ही कबुली नव्हे, तिच्यावर ओझं आहे. लेकराचं शोषण किंवा बायकोला मारहाण असेल तर ‘गुप्त कबुली’ म्हणून झाकून ठेवायचं नाही. आधी मार खाणारीला सुरक्षित करायचं (महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२). क्षमा कर म्हणून तिला त्याच घरात परत धाडणं हे आणखी एक पाप होतं.

शरीराच्या त्रासाला भूत समजणे

या चुकीने जीव जातो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली की साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जण भ्रमात जातात, अंगावर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलतात. हे पाहून घरचे ‘सैतान बाहेर निघतोय’ म्हणतात, खोलीत कोंडून उपास घडवतात. अशा वेळी उपास घडवणं धोक्याचं आहे. रोज पिणाऱ्याने सोडण्याआधीच ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरला दाखवावं. झटका किंवा भ्रम दिसला तर थेट जिल्हा रुग्णालय. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे. प्रार्थना रुग्णालयातही चालते. पौलाने कलस्सै ४:१४ मध्ये लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हटलं आहे.

खर्रा सोडणं तसं जिवावरचं नसतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण, चिडचिड होते, तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ सोप किंवा भाजलेली जवस चघळावी.

पडल्यावर दूर राहणे

पडलेला माणूस दोन रविवार घरी बसतो. ‘थोडा सुधारतो, मग जातो.’ म्हणजे पुन्हा तोच उलटा क्रम. १ योहान २:१ पाप करू नका म्हणतं आणि लगेच पुढे सांगतं, कोणी केलंच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे, येशू ख्रिस्त. प्रभूला नाकारून पेत्रही पडला आणि त्याला धरून देऊन यहूदाही. पेत्र बाहेर जाऊन रडला, पण शिष्यांमध्ये राहिला, आणि तिथेच प्रभूने त्याला गाठलं.

प्रभुभोजनाबद्दल खास सांगायला हवं. बऱ्याच खेड्यांत पाळक महिन्यातून एकदाच येतात. लाजेने एक खेप टाळली की दोन महिने प्रभूच्या मेजाविना जातात, आणि ज्याला सर्वांत जास्त भूक आहे तोच उपाशी राहतो. १ करिंथ ११:२८ सांगतं, माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून दूर बसावं, असं तिथे लिहिलेलं नाही. पाप झाकून, सोडायची इच्छाच नसताना खाणं हा धोका तिथे आहे. रडत, कबूल करून येणाऱ्यासाठी मेज मांडलेलंच आहे. पडलो त्याच दिवशी, झोपण्याआधी, पापाचं नाव घेऊन कबुली द्यावी, रोम ८:१ मोठ्याने वाचावं. आणि पाळक पुढच्या महिन्यात येणार असतील तर त्या एका विश्वासू भावाला रात्रीच फोन लावावा, उद्याच्या बाजाराला सोबत येतोस का म्हणून.