महागड्या इलेक्ट्रिक गाडीत ‘पॉवरट्रेन’चा दिवा लागला, तर आधी काय बघायचं

भोसरीत आमच्या बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. एमआयडीसीतल्या कारखान्यांतून जळालेल्या मोटरी टेम्पोतून यायच्या आणि बाबा पाना हातात घ्यायच्या आधी मेगर लावायचे. मेगर म्हणजे वाइंडिंगमधली वीज बॉडीत गळतेय का हे मापायचं यंत्र, त्यांचा होता हाताने दांडी फिरवायचा जुना. काटा वर गेला तर वाइंडिंग ठीक, शून्याकडे पडला तर मोटर अर्थ झाली, म्हणजे वीज बॉडीत उतरतेय. “आधी माप, मग खोल,” एवढंच त्यांनी मला शिकवलं, आणि आज साठ लाखांपासून पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या हाय व्होल्टेजच्या कामात मी तेच करतो.

हे लिहायचं कारण असं, की स्क्रीनवर ‘पॉवरट्रेन बिघाड’ (पॉवरट्रेन म्हणजे बॅटरीपासून मोटर, गिअर आणि चाकापर्यंतची सगळी साखळी) आला की मालकाच्या हातात थेट मोटर नाहीतर बॅटरी असेंब्ली बदलायचं एस्टिमेट पडतं. कधी कधी ते खरंच लागतं. पण बऱ्याचदा दोष एखाद्या सीलमध्ये, कनेक्टरमध्ये, बेअरिंगमध्ये, नाहीतर ज्याचा मोटरशी संबंधही नाही अशा भागात असतो. तो शोधायचा एक क्रम आहे. त्यातलं काही तुम्ही स्वतः करू शकता, बाकीचं मेकॅनिककडून करून घ्यायचं आणि नीट विचारून घ्यायचं.

हात कुठे लावायचा नाही

हाय व्होल्टेजची नारिंगी केबल दिसली की तिथे तुमचं काम संपलं. या गाड्यांत ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो, पोर्शे टायकानसारख्या गाडीत ८०० व्होल्ट. गाडी बंद केली, हाय व्होल्टेज तोडायचा सर्व्हिस डिस्कनेक्ट काढला, तरी इन्व्हर्टरमधले (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा भाग) वीज साठवणारे कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचं, मग १००० व्होल्टच्या कॅट-३ या सुरक्षा श्रेणीच्या मीटरने शून्य आहे हे बघायचं, आणि तोच मीटर चालू आहे ना हे त्याआधी आणि नंतरही साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर तपासायचं. रबरी हातमोजे १००० व्होल्टचे, क्लास शून्य. मी दरवेळी मोज्याचं तोंड गुंडाळून हवा आत कोंडतो आणि गालाजवळ धरतो. सुईएवढं भोक असलं तरी गालाला हवा लागते. तुमचा मेकॅनिक एवढं करत नसेल तर गाडी त्याच्याकडे ठेवू नका. त्याच्याही जिवासाठी सांगतोय.

१२ व्होल्टची बॅटरी

सगळ्यात आधी हीच. मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच, ओढायला वीज १२ व्होल्टवरूनच जाते. ती खचली की दीड कोटीची गाडीही मुकी होते, किंवा एकदम दहा-बारा एरर दाखवते आणि त्यात पॉवरट्रेनही असतो. ॲप दिवसातून वीस वेळा उघडायची सवय असेल तर गाडी दरवेळी जागी होते आणि ही छोटी बॅटरी झिजते. गाडी रात्रभर उभी असताना साधारण १२.५ व्होल्ट आणि ‘रेडी’ केल्यावर १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. उभ्या गाडीचा आकडा कमी आणि चालूचा बरोबर असेल तर बॅटरी बदला. चालू केल्यावरही आकडा वर चढतच नसेल, तर मोठ्या बॅटरीवरून छोटी चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बघावा लागेल. २०२४ मध्ये भारतात ह्युंदाईने १,७४४ आयोनिक ५ आणि कियाने १,१३८ ईव्ही६ परत बोलावल्या, त्या याच कामाच्या भागासाठी. त्या गाड्यांत चार्जर आणि कन्व्हर्टर एकाच डब्यात आहेत, त्याला आयसीसीयू म्हणतात. तुमची गाडी कोणत्या रिकॉलमध्ये आहे का, हे चासी नंबर टाकून बघायला पाच मिनिटं लागतात. आधी ते करा.

इन्सुलेशनचा दोष, आणि साताऱ्याच्या डॉक्टरांची गाडी

महागड्या गाड्यांत सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो. हाय व्होल्टेजची दोन्ही टोकं गाडीच्या बॉडीपासून वेगळी ठेवलेली असतात, आणि गाडी स्वतः सतत तपासत असते की मध्ये गळती होतेय का. अंतरराष्ट्रीय नियम असा, की मोटरकडची एसी (ऑल्टरनेटिंग करंट) आणि बॅटरीकडची डीसी बाजू जोडलेल्या असतील तर दर व्होल्टला किमान ५०० ओहम हवेत. म्हणजे ४०० व्होल्टच्या गाडीत दोन लाख ओहम. त्याखाली गेलं की स्कॅनरवर, म्हणजे गाडीला जोडून तिचे एरर वाचायच्या यंत्रावर, सहसा पी०एए६ हा कोड येतो. बऱ्याच गाड्या त्यावेळी चालू असतील तर चालू राहतात, पण एकदा बंद केल्या की पुन्हा सुरू होत नाहीत. म्हणून असा मेसेज आला तर वाटेत चहाला थांबून गाडी बंद करू नका. सुरक्षित जागी पोचा आणि मग बंद करा.

गेल्या जूनमध्ये साताऱ्याहून एक डॉक्टर फ्लॅटबेडवर गाडी घेऊन आले. चार वर्षांची मोठी एसयूव्ही, पुढे-मागे दोन मोटरी, मेसेज हाच. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही गाडीत होऊ शकतं. मागची मोटर असेंब्ली बदलायचं एस्टिमेट त्यांच्या हातात होतं. मी विचारलं, “डॉक्टर, गेल्या दोन-तीन महिन्यांत गाडीला काय काम केलं?” ते म्हणाले, काहीच नाही. वहिनी मागून म्हणाल्या, “अहो, मे महिन्यात एसीत गॅस नाही का भरला?”

मी तेव्हाच कान टवकारले. तरी आधी माप. हाय व्होल्टेज उतरवलं, शून्य बघितलं आणि एकेक भाग सोडत गेलो. मागच्या मोटरच्या तिन्ही केबल इन्व्हर्टरपासून सोडवून ५०० व्होल्टचा मेगर लावला, तर शेकडो मेगओहम. नव्यासारखी. पुढचीही तशीच. हीटर ठीक. शेवटी एसीच्या कॉम्प्रेसरचा नारिंगी कनेक्टर काढला, त्याच्या दोन्ही पिना एकत्र करून बॉडीशी मापलं. एक मेगओहमचा दहावा भागसुद्धा नव्हता.

इलेक्ट्रिक गाडीच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटर आतच असते, थेट गॅस आणि ऑइलमध्ये बुडालेली. त्यामुळे ते ऑइल वीज अडवणारं लागतं. त्याला पीओई म्हणतात. पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या एसीत पॅग नावाचं ऑइल चालतं, आणि ते थोडं जरी आत गेलं तरी इन्सुलेशन खाली येतं. मुद्दाम कोणी ओतावं लागत नाही. दिवसभर पेट्रोल गाड्या भरलेल्या मशीनच्या पाइपमध्ये उरलेलं ऑइलही पुरतं. कॉम्प्रेसर काढून तिरपा केला तर ट्रेमध्ये गळती शोधायचा हिरवट डाय (रंग) मिसळलेलं ऑइल पडलं. कंपनी असलं काही भरत नाही.

कॉम्प्रेसर आणि एसीतली ओल शोषणारा ड्रायर नवीन टाकले, पाइप आणि कंडेन्सर धुतले, योग्य ऑइल मोजून भरलं. एस्टिमेटच्या पाचव्या हिश्शात गाडी उठली, आणि मागची मोटर आजही तीच आहे. तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवा. एसीचं काम फक्त तिथे करा, जिथे इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वेगळं मशीन आहे. आणि इन्सुलेशनच्या दोषावर मोटर बदलायला सांगितली तर विचारा, “मोटर सोडवून मापली का? आकडा किती आला? कॉम्प्रेसर, हीटर आणि चार्जर सोडवून मापले का?” आकडे लिहून द्यायला सांगा. मेगर नेहमी केबल इन्व्हर्टरपासून सोडवूनच लावायचा. केबल जोडलेली असताना लावला तर चांगला इन्व्हर्टर मरू शकतो.

आणखी एक. दोष फक्त चार्जिंगला लावल्यावर येत असेल तर चार्जिंगचं सॉकेट आणि गाडीतच बसवलेला ऑनबोर्ड चार्जर बघा. पावसाळ्यात फक्त सकाळी येऊन दुपारी जात असेल तर कुठल्यातरी कनेक्टरमध्ये ओल आहे. पिनांवर हिरवा गंज चढलेला दिसतो. कनेक्टर आणि त्याचं सील बदला. नुसतं स्प्रे मारून पुसू नका, महिनाभरात परत येतं.

कूलंट कमी होतंय

पेट्रोल इंजिनात कूलंट जळूनही जातं. इथे जळायला काही नाही. त्यामुळे टाकीतली पातळी उतरली तर ते कुठेतरी गेलं, आणि कुठे गेलं हे सापडेपर्यंत नुसतं वरून भरत राहू नका. होज आणि रेडिएटर कोरडे असतील तर माझी नजर मोटरकडे जाते.

काही मोटरींत कूलंट रोटरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) शाफ्टच्या आतूनही फिरतं. फिरत्या शाफ्टवर सील आलं की ते कधीतरी झिजणारच. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एसमधली मागची मोठी मोटर यासाठी ओळखली जाते. अमेरिकेत सेकंड हँड मॉडेल एस घेतलेले आपले लोक मला याबद्दल विचारतात, त्यांच्यासाठी सांगतो. मोटरच्या टोकाला स्पीड सेन्सर असतो. तो काढून त्याचं टोक बघा. कोरडं असेल तर आज चिंता नाही. ओलं असेल तर सील गळतंय, आणि ते कूलंट पुढे बेअरिंग, स्टेटर (मोटरचा स्थिर, वाइंडिंगचा भाग), इन्व्हर्टरपर्यंत जातं. या अवस्थेत पकडलं तर सील आणि बेअरिंगवर भागतं. ऑडीने ई-ट्रॉनमध्ये हे गृहीत धरूनच सीलमधून झिरपणारं थोडं कूलंट साठायला जागा ठेवली आहे, ती सर्व्हिसच्या वेळी रिकामी करायची असते. जॉब कार्डवर ते काम लिहिलंय का, हे बघत जा.

कूलंट कंपनीने सांगितलेलंच भरा. काही गाड्यांच्या बॅटरीला वीज कमी वाहणारं खास कूलंट लागतं, त्यात हिरवं-लाल काहीही मिसळायचं नाही. भरल्यावर हवा काढायला स्कॅनरवरून पंप चालवावे लागतात. ते न करता गाडी परत दिली तर घाटात पॉवर कापली जाते आणि पुन्हा पॉवरट्रेनचाच मेसेज येतो.

आवाज

कान लावून बराच निकाल लागतो. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की आवाज बदलतो? मग गिअर किंवा इन्व्हर्टरकडे बघा. दाबा-सोडा, आवाज तसाच, फक्त वेगाबरोबर चढतो? मग बेअरिंग, नाहीतर टायर. गुळगुळीत काँक्रीटवरून डांबरावर गेल्यावर आवाज पालटला तर टायर. थांब्यावरून जोरात उचलताना थरथर किंवा कटकट होत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट. एअर सस्पेन्शन कायम उंच ठेवून चालवणाऱ्यांना हे लवकर होतं, कारण शाफ्टचा कोन वाढतो. खड्डा नसेल तिथे गाडी खाली आणा.

मोटरचं बेअरिंग खराब व्हायचं एक कारण बाबांनी दुकानात पाहिलंय. ड्राइव्हवर, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या इन्व्हर्टरवर, चालणाऱ्या कारखान्याच्या मोटरींतही ते व्हायचं. इन्व्हर्टरच्या स्विचिंगमुळे शाफ्टवर व्होल्टेज येतं, ते बेअरिंगमधून बॉडीला उतरतं आणि गोळ्यांच्या वाटेवर बारीक ठिणग्यांनी खाचा पडत जातात. उघडलेली रेस (गोळ्या फिरतात ती कडी) उजेडात फिरवली तर धुण्याच्या फळीसारख्या आडव्या रेघा दिसतात. अशा वेळी तसंच बेअरिंग परत टाकलं तर तेही जाणार. सिरॅमिक गोळ्यांचं हायब्रीड बेअरिंग टाकायला सांगा, आणि शाफ्टचं अर्थिंग ब्रश किंवा रिंग असेल तर तीही तपासून घ्या.

गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ असं लिहिलेलं असलं तरी सेकंड हँड गाडी घेतल्यावर मी ते बदलायलाच सांगतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी चिखल असेल तर ठीक. सुईसारखे चमकते तुकडे बोटाला टोचले तर गिअरबॉक्स उघडायची वेळ आली.

बॅटरी

इथे थोडक्यात. रेंज एकदम घसरली तर स्कॅनरवर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी सेलचं व्होल्टेज मागा. गाडी तासभर उभी असताना फरक दहा-वीस मिलिव्होल्ट असेल तर मी शांत असतो. शंभरच्या पुढे गेला तर एखादं मोड्यूल (सेलचा गट) किंवा मापणारी वायर आजारी आहे. मोड्यूल बदलता येतं, पण पॅक, म्हणजे बॅटरीचा अख्खा डबा, बंद केल्यावर हवा भरून लीक टेस्ट केलीच पाहिजे. ती मशीन नसलेल्या गॅरेजला पॅक उघडू देऊ नका.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली तर चार्जिंगला अजिबात लावू नका. सुरू करून बघू नका. पार्किंगच्या तळघरात न ठेवता उघड्यावर, इमारतीपासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून किमान ५० फूट लांब उभी करा. बॅटरीवर पाणी आत न जाण्याचं आयपी६७ हे मानक लिहिलेलं असलं, तरी त्याचा अर्थ नव्या सीलला, साध्या पाण्यात, एक मीटरखाली अर्धा तास एवढाच. समुद्राचं खारं पाणी त्यात धरलेलं नाही, त्यामुळे हौसेने किनाऱ्यावर लाटांत गाडी घालणाऱ्यांना मी हात जोडून नको म्हणतो.

एस्टिमेट हातात आल्यावर

वॉरंटी चालू असेल तर बाहेर एक स्क्रूही उघडू नका, आमच्याकडेही आणू नका. बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षं देतात. कागद काढून तारीख आणि किलोमीटर दोन्ही बघा. कोड पुसायच्या आधी त्यांचा आणि त्या क्षणाच्या आकड्यांचा प्रिंट घ्या. पुसल्यावर बराच पुरावा जातो. मग दोष येतो तेव्हा गाडी गरम होती की थंड, पाऊस होता का, चार्जिंगवर होती का, एसी चालू होता का, हे वहीत तारखेसह लिहून न्या. डॉक्टर आता ग्लोव्ह बॉक्समध्ये दोनशे पानी वही ठेवतात. गेल्या महिन्यात त्यांनी फोनवर वाचून दाखवलेल्या तीन ओळींवरून चार्जिंग सॉकेटचं सील गेलंय हे गाडी न बघताच कळलं, आणि मी ते कुरिअरने पाठवलं.