भाषांची तुलना करताना या चुका टाळा

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये दर काही मिनिटांनी तीन वाक्ये कानावर पडतात: ‘पुढील स्टेशन रबाळे’, ‘अगला स्टेशन रबाळे’, ‘नेक्स्ट स्टेशन रबाळे’. तिन्हींत ‘स्टेशन’ हा शब्द तोच आहे, पण त्याचे वागणे निराळे आहे. हिंदीत तो पुल्लिंगी झाला म्हणून ‘अगला’. मराठीत तो नपुंसकलिंगी आहे, मात्र ‘पुढील’ हे विशेषण लिंगानुसार बदलत नसल्यामुळे उद्घोषणेतून ते समजत नाही. शेजारचा प्रवासी ‘चला, आपलं स्टेशन आलं’ म्हणत उठला की समजते. ज्या इंग्रजीतून हा शब्द आला, तिथे हा प्रश्नच नाही.

मी दर शनिवारी याच गाडीने कोपरखैरण्याला मराठी शिकवायला जाते. बाहेरून येऊन नवी मुंबईत स्थायिक झालेली माणसे शिकायला येतात; कोणाची घरची भाषा हिंदी, कोणाची तमिळ, कोणाची बंगाली. उरलेल्या दिवसांत मी भाषांतर करते. या दोन्ही कामांत ज्या चुका मी स्वतः केल्या आणि इतरांच्या वह्यांत वारंवार पाहिल्या, त्या पुढे दिल्या आहेत. बहुतेकींचे मूळ एकच आहे: एका भाषेचे माप घेऊन दुसरी भाषा मोजायची आणि जे मापात बसत नाही त्याला अपवाद, उणीव किंवा नवल ठरवायचे.

कर्मणी प्रयोगाला ‘पॅसिव्ह’ समजणे

शाळेत मराठी आणि इंग्रजी व्याकरण शेजारी शेजारी शिकवले जाते, त्यामुळे ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य म्हणजे इंग्रजीतले पॅसिव्ह, अशी समजूत पक्की बसते. ती चुकीची आहे, आणि पडताळून पाहणे अवघड नाही. इंग्रजीत पॅसिव्ह हा बोलणाऱ्याने निवडलेला पर्याय असतो. साधे वाक्य तिथे उपलब्ध असतेच. प्रमाण मराठीत ‘राम आंबा खाल्ला’ असे म्हणताच येत नाही, म्हणजे इथे निवड नाही. दुसरी कसोटी ‘आपला’ या शब्दाची. ‘रामाने आपला डबा खाल्ला’ यात डबा रामाचाच आहे, म्हणजे ‘ने’ लागूनही राम कर्तेपणावरून खाली उतरलेला नाही. पॅसिव्हशी खरे जुळते ते ‘आंबा खाल्ला गेला’ हे वाक्य.

मग ‘रामाने आंबा खाल्ला’ ही रचना कोणती? सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला वेगळी खूण लावायची आणि क्रियापद कर्माशी जुळवायचे, ही पद्धत जगात इतरत्रही सापडते. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरची बास्क भाषा अशा कर्त्याला ‘क’ प्रत्यय लावते, आणि तोही सर्व काळांत. मराठी आणि हिंदी हे फक्त पूर्ण झालेल्या क्रियेच्या वेळी करतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधील डिर्बल भाषेत नामांना ही खूण लागते, पण ‘मी’ आणि ‘तू’ या अर्थाच्या सर्वनामांना लागत नाही. हे वाचताना मराठी वाचकाने क्षणभर थांबावे, कारण आपणही ‘त्याने भाकरी खाल्ली’ म्हणतो आणि ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणताना ‘मी’ला काहीच लावत नाही. हिंदीभाषक विद्यार्थी ‘मैंने’मधला ‘ने’ मराठीत शोधत राहतात. तो सापडत नाही यात त्यांचा दोष नाही.

याच वाक्याचे द्वितीय पुरुषी रूप मला फार आवडते. ‘तू आंबा खाल्लास’, ‘तू भाकरी खाल्लीस’, ‘तू फळ खाल्लेस’. ‘खाल्लीस’मधली ‘ई’ भाकरीकडून आली आहे आणि शेवटचा ‘स’ तुझ्याकडून. एकच क्रियापद कर्ता आणि कर्म या दोघांनाही ओळख देते. इथे अडलेल्या विद्यार्थ्याने नियम घोकण्याऐवजी कर्म बदलून तीन वाक्ये मोठ्याने म्हणावीत. शिकणे, विसरणे अशी काही सकर्मक क्रियापदे मात्र कर्त्याशीच जुळतात (‘ती मराठी शिकली’, ‘तो नाव विसरला’), त्यांची यादी वेगळी ठेवावी.

प्रश्न एका भाषेत, उत्तर दुसरीत

‘आय हॅव टू सिस्टर्स’चे मराठी करा म्हटले की वहीत उतरते: ‘माझ्याकडे दोन बहिणी आहेत’. फोनवरचे भाषांतरही कधी कधी असे वाक्य देते. मराठी कानाला हे खटकते, कारण ‘माझ्याकडे दोन बहिणी आहेत’ याचा अर्थ त्या सध्या माझ्या घरी राहायला आल्या आहेत असा होऊ शकतो. नाते असेल तर ‘मला दोन बहिणी आहेत’. शरीराचा वा वस्तूचा भाग असेल तर ‘टेबलाला चार पाय आहेत’. हाताशी असलेली वस्तू असेल तर ‘माझ्याकडे छत्री आहे’ किंवा ‘माझ्याजवळ’. इंग्रजी जिथे एका क्रियापदात सर्व भागवते, तिथे मराठी नात्याचा प्रकार विचारते. रशियन ‘माझ्यापाशी पुस्तक आहे’ अशी रचना करते. तुर्की भाषा ‘माझे पुस्तक आहे’ असे म्हणून मालकी सांगते. म्हणून ‘मराठीत हॅवसाठी शब्द नाही’ हा निष्कर्ष निरुपयोगी आहे. मराठीत मालकीची किती प्रकारची वाक्ये आहेत आणि त्यांच्यातली रेघ कुठे पडते, हा प्रश्न विचारला तर उत्तर हाती लागते.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच मानणे

आमच्या इमारतीत नव्याने आलेल्या हिंदीभाषक कुटुंबाने मोठ्या हौसेने मराठीत निरोप दिला, ‘काकू, रविवारी आम्ही येऊरला जाणार आहोत, आम्ही सातला निघू.’ मी ‘छान, जाऊन या’ म्हणाले. रविवारी सकाळी ती चौघे फाटकापाशी पाच डबे घेऊन माझी वाट पाहत उभी होती. त्यांच्या ‘हम’मध्ये मी होते, मी ऐकलेल्या ‘आम्ही’त मी नव्हते.

ही चूक कोण करणार हे घरच्या भाषेवरून सांगता येते. गुजराती माणसाकडे ‘आपणे’ आणि ‘अमे’ असतात, तमिळभाषकाकडे ‘नाम्’ आणि ‘नाङ्गळ्’, तेलुगूभाषकाकडे ‘मनम्’ आणि ‘मेमु’. त्यांना भेद समजावून सांगावा लागत नाही, फक्त शब्द जुळवून द्यावे लागतात. हिंदी, बंगाली किंवा आजची कन्नड बोलणाऱ्याला मात्र भेदच शिकावा लागतो. इथे भाषाकुळावर विसंबणे हीसुद्धा चूकच आहे: तमिळ आणि कन्नड एका कुळातल्या असून वेगळ्या वागतात. इंडोनेशियात ‘किता’ म्हणजे आपण, ‘कामी’ म्हणजे आम्ही. पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिन भाषेने बहुतांश शब्दसंग्रह इंग्रजीतून घेतला, पण इंग्रजीत नसलेला हा भेद तिने ‘युमी’ आणि ‘मिपेला’ असे शब्द घडवून सांभाळला. शिकवताना मी एकच युक्ती वापरते: वाक्यानंतर ‘तुम्हीही चला’ जोडून पाहायचे. जोडणे अनावश्यक वाटले तर ‘आपण’, गरजेचे वाटले तर ‘आम्ही’. ‘आपण बसावे’ यातला आदरार्थी ‘आपण’ या कसोटीतून वगळावा.

‘व्याकरणात नाही’ म्हणजे ‘सांगता येत नाही’, असे समजणे

भाषाशास्त्रज्ञ रोमन याकबसन यांनी १९५९मध्ये मांडलेला एक विचार या सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे, असे माझे मत आहे: भाषा काय सांगू शकतात यात त्यांचा फरक फारसा नसतो, तो असतो त्या काय सांगायला भाग पाडतात यात. मराठी स्त्रीला ‘मी आले’ म्हणताना आपण स्त्री आहोत हे सांगावेच लागते. इंग्रजीत ते सांगता येते, पण सक्ती नाही. बंगालीतला ‘से’ तो आहे की ती हे बोलत नाही, म्हणून बंगालीतून मराठीत येताना भाषांतरकाराला मागचा-पुढचा मजकूर धुंडाळावा लागतो. फोन अनेकदा काही न धुंडाळता ‘तो’ लिहून मोकळा होतो. असे भाषांतर तपासताना क्रियापदांची लिंगे सर्वप्रथम पाहावीत.

सक्तीचे उत्तम उदाहरण तुर्कीत आहे. ‘गेल्दी’ आणि ‘गेल्मिश’ या दोन्हींचा अर्थ ‘आला’, पण पहिल्यात बोलणारा स्वतःच्या माहितीने खात्रीपूर्वक सांगतो, दुसऱ्यात ऐकून किंवा खुणांवरून. हे वाचून कोणी म्हणेल की आपल्या भाषांत असे काही नाही. तसे म्हणण्याआधी पाणिनीचे ‘परोक्षे लिट्’ (३.२.११५) हे सूत्र पाहावे. बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेल्या भूतकाळासाठी ‘लिट्’ हे संस्कृत क्रियापदाचे भूतकाळी रूप वापरावे, असे ते सांगते. मग प्रथम पुरुषाचे काय? स्वतःची कृती स्वतःच्या डोळ्यांआड कशी असेल? व्याकरणपरंपरेने याचेही उदाहरण दिले आहे: ‘सुप्तोऽहं किल विललाप’, म्हणजे झोपेत असताना मी बडबडलो म्हणे. तुर्की माणूससुद्धा डुलकी लागल्याचे जागे झाल्यावर ध्यानात आले की ‘उयुमुशुम’ म्हणतो, ‘मी झोपलो होतो वाटते’. आणि मराठीत? वर अर्थ सांगताना मला ‘म्हणे’ आणि ‘वाटते’ हे शब्द आपोआप हाताशी मिळाले. ‘तो आला म्हणे’ यातला ‘म्हणे’ हा कोण म्हणाले ते सांगत नाही. तो बोलणाऱ्याची जबाबदारी हलकी करतो. आपल्याकडे साधन आहे, सक्ती नाही, आणि फरक एवढाच आहे.

शब्द मोजणे

‘एस्किमो लोकांकडे बर्फासाठी शंभर शब्द आहेत’ हे वाक्य भाषणांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरते. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी १९११मध्ये यासंदर्भात चार मूळ शब्द दिले होते. पुढच्या लेखकांनी आणि वृत्तपत्रांनी तो आकडा फुगवत नेला, आणि अभ्यासक लॉरा मार्टिन यांनी १९८६मध्ये या फुगवट्याचा माग काढला. पण आकडा बरोबर असता तरी मोजणी व्यर्थ होती. त्या भाषा प्रत्ययावर प्रत्यय जोडून आख्खे वाक्य एका शब्दात बसवतात, त्यामुळे ‘शब्द’ अगणित होतात. आपल्या ‘घरातल्यांनासुद्धा’कडे पाहावे; हा ‘घर’साठीचा आणखी एक शब्द म्हणून कोणी मोजला तर आपण मान्य करू का?

कांगारूची गोष्टही अशीच. १७७०मध्ये ऑस्ट्रेलियात गोऱ्या खलाशांनी प्राण्याचे नाव विचारले, उत्तर ‘मला माहीत नाही’ असे आले आणि तेच नाव झाले, असे सांगतात. तिथल्या गुगू यिमिदिर भाषेत ‘गंगुरू’ हे एका जातीच्या कांगारूचे खरेखुरे नाव आहे, हे १९७०च्या दशकात या भाषेवर काम केलेले अभ्यासक जॉन हॅविलंड यांनी स्पष्ट केले.

व्याकरणावरून स्वभाव ठरवणे

मराठीत ‘मूल’ नपुंसकलिंगी आहे म्हणून मराठी माणूस मुलाला निर्जीव मानतो, असे कोणी लिहिले तर आपण ते हसण्यावारी नेऊ. तसलेच तर्क आपण इतरांबद्दल मात्र सहज करतो. जर्मनमध्ये ‘मुलगी’साठीचा ‘मेडशेन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, तो लहानपणा दाखवणाऱ्या ‘शेन’ प्रत्ययामुळे. आपली वासरू, कोकरू, लेकरू, पाखरू ही मंडळीही लहान आणि नपुंसकलिंगीच आहेत. हिंदीतल्या ‘कल’वरून काळाच्या जाणिवेबद्दल बोलणाऱ्यांनी आपला ‘परवा’ आठवावा, जो दोन्ही दिशांना जातो. ‘परवा गेलो’ आणि ‘परवा जाईन’ यांत कोणी गोंधळत नाही. गोंधळ होतो तो इस्त्रीवाल्याने गाठोड्यावर नुसते ‘परवा’ लिहून ठेवले की, आणि त्यावर इलाज म्हणजे वार लिहिणे.

मराठीला ‘उलटी’ म्हणणे

इंग्रजी शिकवणारे ‘मराठीत वाक्य उलटे असते’ असे सांगतात. पण कर्ता-कर्म-क्रियापद हा जगात सर्वाधिक भाषांत आढळणारा क्रम आहे. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३मध्ये ३० भाषांच्या अभ्यासातून हेही दाखवले की असा क्रम असलेल्या भाषांत ‘वर, खाली, पासून’ यांसारखे शब्द बहुतेक वेळा नामाच्या मागून येतात. ‘स्टेशनापासून’ ही घडण त्यात चपखल बसते.

फक्त भाषांतरित नमुना घेणे

ब्रिटिश अधिकारी आणि भाषा-अभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात (१९०३ ते १९२८) भाषांचे नमुने तुलनेसाठी म्हणून बायबलमधली उधळ्या मुलाची एकच गोष्ट भाषांतरित करून घेतली गेली. तुलनेला ते सोयीचे होते, पण भाषांतर मूळ मजकुराच्या वळणाने चालते, म्हणून त्यासोबत लोकांच्या तोंडची एखादी स्थानिक गोष्टही मागवली जात असे. आजही असे दोन्ही घ्यावे. आगरी किंवा कोळी बोलीची माहिती हवी असेल तर पुस्तकी वाक्यांची यादी पुढे करून ‘हे तुमच्याकडे कसे म्हणतात’ एवढेच विचारू नये. समोरचा माणूस शिकलेल्या मराठीकडे झुकतो आणि ‘पानी’ म्हणणारा ‘पाणी’ म्हणू लागतो. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात सकाळी जावे, परवानगी घेऊन दोन बायकांमधले मासळीच्या भावाबद्दलचे बोलणे अर्धा तास ध्वनिमुद्रित करावे, आणि यादी त्यानंतर काढावी.