केसपेपरवर 'अटिपिकल' लिहिण्याआधी

इंटर्नशिपचा तिसरा महिना, कॅज्युअल्टीत रात्रपाळी. पंचावन्नच्या एक काकू आल्या, जुनी साखर. "छातीत दुखतंय का?" म्हटलं, तर म्हणाल्या, "दुखत नाही हो डॉक्टर. इथं नुसतं भरून आलंय. ॲसिडिटीच असेल."

इसीजी मला ठीक वाटला. केसपेपरवर लिहिलं, 'अटिपिकल चेस्ट पेन', म्हणजे नेहमीच्या हृदयदुखीसारखं नसलेलं छातीतलं दुखणं. ॲसिडिटीचं पँटोप्राझोल (पॅन) दिलं, जेल पाजलं, त्यांना बरंही वाटलं. घरी सोडायच्या बेतात होतो, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "सर, घाम बघा त्यांना. अजून एक इसीजी काढते." टू, थ्री, एव्हीएफ या लीडमध्ये एसटी वर गेलेला, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाचा, इन्फिरियर झटका. मध्ये चाळीस मिनिटं गेली होती. काकू वाचल्या, पण ती चाळीस मिनिटं अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

चूक इसीजी वाचण्यात नव्हती, त्या एका शब्दात होती. तीन प्रश्न सगळ्यांना पाठ असतात: दुखणं स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) मागे आहे का, श्रमाने किंवा मानसिक ताणाने येतं का, विश्रांतीने किंवा नायट्रेटने (रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाने) थांबतं का. तीन 'हो' म्हणजे टिपिकल, दोन म्हणजे अटिपिकल, त्याहून कमी म्हणजे नॉन-अँजायनल, हृदयदुखीसारखं नसलेलं. ही विभागणी ओपीडीत चालत येणाऱ्या स्थिर पेशंटसाठी ठीक. कॅज्युअल्टीत मात्र 'अटिपिकल' लिहिलं की पुढचा वाचणारा 'हृदयाचं नाही' असंच वाचतो. लिहिणाराही तिथेच विचार थांबवतो. मी थांबवला. 2021 च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी हा शब्द टाळायलाच सांगितलं. त्याऐवजी कार्डियाक (हृदयाचं), पॉसिबली कार्डियाक (हृदयाचं असू शकेल), नॉनकार्डियाक (हृदयाचं नाही). शंका असेल तर 'पॉसिबली' लिहा, म्हणजे तपास चालू राहतो. दडपण, जडपणा, जबडा, खांदा, हात, पोटाचा वरचा भाग, हे सगळं त्यांनी चेस्ट पेनमध्येच धरलंय.

जेलने बरं वाटलं म्हणून हृदय सुटत नाही. नायट्रेटने बरं वाटलं म्हणून हृदयच असंही नाही, अन्ननलिकेचा स्पाझम (आकडी) ही त्याने सैल होतो. दाबल्यावर दुखतं, एवढ्यावर घरी पाठवू नका. 'गॅस आहे, पॅन देऊन सोड' हे फोनवरून सांगणाऱ्या सीनियरचं मी आता ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका. त्यापेक्षा वीस वर्षं कॅज्युअल्टी पाहिलेल्या सिस्टरना विचारा.

पेशंट आल्यापासून दहा मिनिटांत इसीजी. त्रास चालू असेल तर पुन्हा, आणि परत पुन्हा. सुरुवातीच्या तासांत ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का, हे सांगणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह येऊ शकतं, त्यावर झोपू नका. इन्फिरियर झटका दिसला तर सॉर्बिट्रेट ही नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवण्याआधी इसीजीच्या उजव्या बाजूच्या लीड लावा. उजवं व्हेंट्रिकल (हृदयाचा उजवा खालचा कप्पा) झटक्यात सापडलेलं असेल तर या गोळीने बीपी धाडकन कोसळू शकतं. पाठीत फाटल्यासारखी कळ असेल तर दोन्ही हातांचं बीपी घ्या, डिसेक्शनमध्ये (महाधमनीचा पदर फाटलेला असताना) थ्रॉम्बोलिसिस, म्हणजे गुठळी विरघळवणारं औषध, दिलं तर जीव जाऊ शकतो.

घाबरून जाऊ नका. बहुतेक रात्री खरंच ॲसिडिटी किंवा उसण निघते, आणि हात हळूहळू बसतो.

मी आता "दुखतंय का?" एवढंच विचारत नाही. "भरून आल्यासारखं, आवळल्यासारखं, जड, जळजळ, दम? चालताना वाढतं? घाम आला?" असं एकेक विचारतो. मग पेशंटचे शब्द जसेच्या तसे अवतरणात लिहितो, शेजारी त्रास सुरू झाल्याची वेळ आणि इसीजीची वेळ.