सांगलीची हळद कस्टममधून सोडवताना

हळदीचा कंटेनर न्हावा शेव्याला अडला की बंदराच्या नावानं बोटं मोडायची आपल्याकडे रीत आहे. बहुतेक वेळा घोळ वखारीतच झालेला असतो, बंदरावर तो नुसता उघडा पडतो. राजापुरी की सेलम, यात कस्टम अधिकाऱ्याला रस नसतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल (कस्टमकडे भरायचा निर्यातीचा अर्ज) एकमेकांशी जुळतात का, हे तो आधी बघतो.

सौदा पक्का करण्याआधी चार गोष्टी हाताशी हव्यात. पहिली आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक. ती डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर ५०० रुपयांत निघते आणि तिचा नंबर म्हणजे तुमचाच पॅन. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात ती 'अपडेट' करावी लागते, माहितीत काही बदल नसला तरी. हे राहिलं की आयईसी बंद पडते आणि ते कळतं नेमकं माल निघायच्या दिवशी. दुसरी, मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी (बेदाण्याला ती चालत नाही, तिथं अपेडा, म्हणजे शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण). तिसरी, बँकेचा १४ अंकी एडी कोड (निर्यातीचे पैसे ज्या शाखेत येणार तिचा), आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर नोंदवलेला. तो आयएनएनएसए१ या न्हावा शेव्याच्या पोर्ट कोडला दिसतो का, ते सीएचएकडून, म्हणजे तुमच्या कस्टम एजंटकडून, आधीच बघून घ्या. चौथी, जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र. हे दर आर्थिक वर्षाला नव्यानं भरायचं. नाही भरलं तर सुक्या हळदीवर ५ टक्के आयजीएसटी (निर्यातीवर लागणारा जीएसटी) आधी भरा आणि मग परताव्याची वाट बघत बसा.

आता मालाचं वर्णन. सुकं हळकुंड ०९१०३०२० मध्ये येतं, पावडर ०९१०३०३० मध्ये. हे दोन कोड सर्रास अदलाबदल होतात. इन्व्हॉइसवर नुसतं 'हळद' लिहू नका. हळकुंड की गड्डा, पॉलिश केलेली की बिनपॉलिश, किती पोती, किती किलोचं पोतं, सगळं लिहा आणि तेच शब्द प्रत्येक कागदावर ठेवा.

वजनात सगळ्यात जास्त माणसं चुकतात. समजा २५ किलोची ४०० पोती आहेत. निव्वळ वजन १०,००० किलो. रिकामं पोतं १०० ग्रॅमचं धरलं तर त्याचे ४० किलो, म्हणजे ढोबळ वजन १०,०४० किलो. कंटेनरच्या दारावर त्याचं स्वतःचं वजन छापलेलं असतं. ते २,२०० किलो असेल तर व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं जहाज कंपनीला कळवायचं एकूण वजन) झालं १२,२४० किलो. पॅलेट वापरले तर त्यांचंही वजन यात मिळवा. काट्याची पावती याच्या आसपास आली पाहिजे. तफावत मोठी निघाली तर पोती पुन्हा मोजा, आकडा जुळवून लिहू नका.

भरण्याआधी कंटेनरमध्ये शिरून दारं बाहेरून लावून घ्या. कुठून उजेड दिसला तर तिथून पाणीही येणार. तो कंटेनर परत पाठवा. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम-१५ (लाकडातून कीड पसरू नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का बघा; त्यात 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं आहे. फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याचा) दाखला लागणार असेल तर तपासणी सील लावण्याआधी उरका. नंतर सील तोडणं म्हणजे नसता उपद्व्याप.

सीएचए शिपिंग बिल भरण्याआधी चेकलिस्ट पाठवतो. ती व्हॉट्सॲपवर बघून 'ओके' टाकायची वस्तू नव्हे. प्रिंट काढा आणि इन्व्हॉइस शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. रोडटेपच्या (निर्यातीवरचे कर परत देणाऱ्या सरकारी योजनेच्या) रकान्यात 'हो' आहे का, ते आवर्जून पाहा. तिथं 'नाही' पडलं तर तो लाभ हातचा जातो. एलइओ (माल जहाजावर चढवायची कस्टमची परवानगी) मिळून जहाज सुटल्यावर दुरुस्ती करायची झाल्यास कस्टम कायद्याचं कलम १४९ आड येतं: निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदाच्या आधारावरच बदल होतो, मागाहून बनवलेलं पत्र चालत नाही.

आयजीएसटी भरून माल पाठवला असेल तर शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राच्या ६ए तक्त्यात इन्व्हॉइस नंबर शिपिंग बिलावर आहे तस्साच टाका, रेघ, तिरपी रेघ, शून्यासकट. एक चिन्ह इकडचं तिकडं झालं की एसबी००५ ही चूक येते आणि पैसे लटकतात. अकाउंटंट आणि सीएचए वेगवेगळ्या इन्व्हॉइसवरून काम करत असतील तर हे ठरलेलंच; दोघांना एकच पीडीएफ पाठवा.