थकलेलं बिल वसूल कसं करावं: सुरुवात गेटवरच्या शिक्क्यापासून

नाशिककडच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत दोन-चार मशिनांवर जॉबवर्क (दुसऱ्या कंपन्यांचं काम) करणाऱ्या कुणालाही विचारा. काम मिळतं, पेमेंट निघत नाही, हेच ऐकायला मिळेल. पगार ठरल्या तारखेला द्यावे लागतात. दरमहा रिटर्न भरत असाल तर जीएसटीही पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जातो, पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत. बिल थकलं की त्यावरचा कर आपण खिशातून भरून बसतो. म्हणून आपलेच पैसे मागताना संकोच करू नका.

बारा वर्षं मी अंबडच्या एका मशिन शॉपचे हिशेब आणि वसुली बघतोय. एका कंपनीकडे आमचं १,८४,००० रुपयांचं बिल चार महिने अडकलं होतं. दर सोमवारी फोन करायचो, दर सोमवारी "लिस्टमध्ये आहे" हेच उत्तर. शेवटी स्वतः गेलो. स्टोअरमधल्या मुलाने कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. चलनावर (मालासोबत जाणाऱ्या कागदावर) जुन्या पीओचा, म्हणजे खरेदी ऑर्डरचा, नंबर पडला होता, त्यामुळे जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांच्याकडची नोंद, झालाच नव्हता, आणि जीआरएन नाही म्हणून अकाउंट्सला आमचं बिल दिसतच नव्हतं. दुरुस्त चलन दिलं, नवव्या दिवशी पैसे आले. तेव्हापासून मी आधी कागद तपासतो, मग फोन उचलतो.

माल जातो त्याच दिवशी

चलनावर पीओ नंबर, आयटम आणि नग पीओशी जुळवून घ्या. गेटवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका, असं ड्रायव्हरला बजावून ठेवा. शिक्क्यावरची तारीख वाचता येईल असा फोटो तिथूनच मागवा. बिलही त्याच दिवशी पाठवा. महिनाअखेरीस सगळी बिलं एकदम काढायची सवय असेल तर ती मोडा.

हा शिक्का पुढे फार कामाला येतो. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायदा, २००६ प्रमाणे माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. पैसे मागितल्यावर तीन महिन्यांनी "रिजेक्शन होतं" म्हणून डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) आली, तर शिक्क्याची तारीख दाखवून तिला लेखी उत्तर द्या.

मुदत संपायच्या आधीचा फोन

मालकाला नाही, अकाउंट्सला करा. "पैसे कधी देताय?" असं विचारलं तर "बघतो" म्हणतील. त्याऐवजी विचारा: "मॅडम, आमचं बिल बुक झालंय का? जीआरएन नंबर सांगता? पेमेंट कुठल्या तारखेच्या लिस्टला लागेल?" फोन ठेवल्याबरोबर तेच ईमेलवर टाका: "आजच्या बोलण्याप्रमाणे अमुक बिलाचं पेमेंट १० तारखेला मिळेल, असं आपण सांगितलंत." तारीख चुकली की दुसऱ्याच दिवशी त्याच मेलला उत्तर म्हणून आठवण द्या. आवाज चढवायची गरज नाही, पण खंड पडू देऊ नका. जो गप्प बसतो त्याचं बिल लिस्टच्या तळाला जातं.

मुदत उलटल्यावर

खातेउतारा पाठवा आणि बाकी मान्य असल्याचं पत्र सही-शिक्क्यानिशी मागा. साधारणपणे दावा लावायची मुदत तीन वर्षांची असते. ती संपायच्या आत देणेकऱ्याने बाकी लेखी मान्य केली, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने मोजतात. ओळखीच्या भरवशावर इथेच फसलेले कितीतरी चांगले कारागीर मी पाहिले आहेत.

मग कायद्याची आठवण द्या, नम्रपणे पण स्पष्ट. उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लहान उद्योगाची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी माल पुरवण्याआधीचीच असू द्या, नंतर केली तर वाद निघतो. निव्वळ ट्रेडिंग करणाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही.

माझ्या अनुभवात व्याजापेक्षा कराचा मुद्दा लवकर लागू पडतो. आयकर कायद्यातल्या एका तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३-बी (एच)) मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येते. शिवाय बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर त्यांनी घेतलेलं जीएसटी क्रेडिट (आपल्या बिलावरच्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावं लागतं. फेब्रुवारीत या दोन्ही मुद्द्यांचं पत्र उद्यम प्रमाणपत्रासह त्यांच्या अकाउंट्सला द्या, म्हणजे मार्चएंडला ते त्यांच्या सीएपुढे जाईल.

तरीही हलत नसेल तर

माल थांबवा. ज्यांचं निम्मं काम एकाच कंपनीवर चालतं, त्यांना हे किती जड जातं ते मला ठाऊक आहे. पण जुनी बाकी ठेवून नवा माल देत राहणं म्हणजे बुडणारी रक्कम वाढवणं. मधला मार्ग म्हणजे हप्ते ठरवून पुढच्या तारखांचे चेक घेणं. चेक वटला नाही, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्यांना १५ दिवस असतात, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. यातली एकही तारीख चुकवू नका, त्याच दिवशी वकिलाकडे जा.

चेक नसेल तर केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करा. तो थकीत पेमेंटचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातो. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमला तर लवाद. निकाल आपल्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला त्याला कोर्टात आव्हान द्यायचं असेल, तर त्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. कौन्सिलच्या निकालाला कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, हे धरूनच चला. अर्जाला पीओ, शिक्क्याचं चलन, बिल, मेल आणि खातेउतारा तारखेच्या क्रमाने लावा.

वसुलीला "माणसं" पाठवू नका आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्टीची नावं टाकू नका. हक्काचे पैसे मागणारा माणूस त्यामुळे स्वतःच आरोपी होऊन बसतो.

पैसे आले की त्याच संध्याकाळी जुळवा. रक्कम थोडी कमी दिसली तर बहुधा टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर) कापलेला असतो, तो आयकर पोर्टलवर आपल्या नावावर दिसतोय का ते पाहा. कोणत्या बिलाचं पेमेंट आहे ते पार्टीकडून लिहून घ्या आणि उरलेल्या बिलासाठी पुढची तारीख त्याच मेलमध्ये मागा.